स्कोअररकाका, त्या एका पानासाठी

काका, साष्टांग नमस्कार.

या पत्राला जवळजवळ तीस वर्षं उशीर झालाय. भेटलो की आपण गुडघे, पाऊस आणि मुंबईच्या रणजी टीमवर बोलतो, आणि आभार राहून जातात. म्हणून इथे, चारचौघांत लिहितोय. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.

१९९६चा ऑगस्ट, मुंबईच्या पावसाळी क्रिकेटचा, कांगा लीगचा रविवार, आझाद मैदान. सकाळी सर येऊन गेलेली, गवत घोट्यापर्यंत. शेजारच्या मॅचचा पॉइंटचा फील्डर आमच्या स्क्वेअर लेगच्या फील्डरच्या खांद्याला खांदा लावून उभा. बावीस पिचेसच्या त्या मैदानात आलेला बॉल कोणाचा, हे ओरडून विचारावं लागतं. तंबूच्या कडेला तुम्ही. पानं उडू नयेत म्हणून वहीला कपड्यांचे दोन चिमटे, वर प्लास्टिकचा कागद, कंपासपेटीत रंगीत पेनं, प्रत्येक बोलरचा रंग वेगळा. अंपायरने खूण केली की तुम्ही हात वर करायचात. तो हात दिसल्याशिवाय पुढचा बॉल पडायचा नाही. सगळी मॅच त्या हातासाठी थांबायची आणि कोणाच्या ते लक्षातही यायचं नाही.

त्या दिवशी मी चौदा ओव्हर टाकल्या. आठ मेडन, म्हणजे एकही रन न दिलेल्या, एकोणीस रन, एक विकेट. समोरच्या टोकाने आमच्या मीडियम पेसरने सहा काढल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात अर्ध्या इंचाची बातमी आली. त्याचं नाव, त्याच्या सहा विकेट. माझं नाव नाही. आई पेपर उघडून बसली होती, शेजारच्या काकूंना दाखवायला. तिने तो घडी घालून ठेवला आणि काही बोलली नाही.

मंगळवारी नेटला सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मॅचला विकेट काढणारा बोलर खेळवू. मी किट आवरत होतो. तुम्ही पिशवीतून वही काढली, वाद घातला नाहीत, नुसतं पान उघडून त्यांच्या पुढ्यात धरलंत. मेडन ओव्हरचे सहा ठिपके जोडून तुम्ही एम काढायचात. निळ्या पेनातले माझे आठ एम. त्यावर बोट ठेवून म्हणालात, "याच्या तिसऱ्या मेडननंतर बघा, लगेच पुढच्या ओव्हरला तिकडे विकेट. पाचव्यानंतर बघा. सातव्यानंतर बघा. इकडे दाराला कडी होती, म्हणून लोक तिकडच्या खिडकीतून उड्या मारत होते." सेक्रेटरी हसले. मी पुढची मॅच खेळलो आणि त्यानंतरचे अकरा सीझन.

त्या संध्याकाळी व्हीटीपर्यंत चालताना तुम्ही मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर यांची गोष्ट सांगितलीत. गोष्ट कसली, तुम्ही फक्त आकडे सांगत होतात. १९७२-७३ची रणजी फायनल, चेपॉक. मुंबई १५१ आणि ११३. तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकर पहिल्या डावात १६ रनमध्ये आठ, दुसऱ्यात १८ मध्ये पाच. तिसऱ्या दिवशी पहिल्याच बॉलला मॅच खलास. प्रथम श्रेणीच्या एकूण विकेट ५८९. आणि टेस्ट? तुम्ही बोटांनी शून्य करून दाखवलंत. तिकडे हरियाणाचे डावखुरे स्पिनर राजिंदर गोयल, रणजीत ६३७ विकेट, तो आजही विक्रम, त्यांचंही शून्य.

मी म्हणालो, "कमनशिबी." तुम्ही फुटपाथवर थांबलात. "बिशनसिंग बेदी २६६ टेस्ट विकेट काय नशिबाने काढतोय? भारताच्या टीममध्ये डावखुऱ्या स्पिनरची जागा एक होती आणि तो थोर होता. पण म्हणून याच्या ५८९ मधली एक तरी कमी होते का?" माझ्या वयाची पोरं तेव्हा एकच सोपं सांगत हिंडायची, नाव झालं तो वशिल्याचा आणि नाव नाही झालं तो खरा. ते खूळ माझ्या डोक्यात शिरण्याआधीच तुम्ही काढलंत.

२०१७मध्ये बोर्डाने शिवलकर आणि गोयल दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला, तेव्हा मी आनंदाने तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "छान झालं. आकडा तोच आहे ना?" मार्च २०२५मध्ये शिवलकर गेले. त्या दिवशी त्यांच्यावर भरभरून लिहून आलं. मी सगळं वाचलं आणि थोडा रागही आला. इतके शब्द होते, तर आधी कुठे होते?

आणि अमोल मुझुमदार! फेब्रुवारी १९८८, हेच आझाद मैदान, शाळेची मॅच. सचिन आणि कांबळीची ६६४ची भागीदारी चालू, आणि पुढचा बॅट्समन म्हणून तो पॅड बांधून बसलेला. पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ रन, भारताकडून एकही मॅच नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये तो कोच असलेल्या भारताच्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्डकप उचलला, तेव्हा मला तुमची वही आठवली. १९८८च्या त्या पानावर त्याच्या नावापुढची रांग कोरी असणार.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी जमलेलं नाही. नाव होण्याला काही अर्थ नाही, असं तुम्ही म्हणता. मला तो अर्धा इंच हवा होता, काका. आईसाठी तरी. आणि वहीसुद्धा सगळं सांगत नाही. सुटलेला कॅच तिच्यात नुसता ठिपका असतो. तुम्ही पेन्सिलीने शेजारी बारीक फुली करायचात, नियमात नसूनही. म्हणजे तुम्हालाही ते ठाऊक होतं.

हल्ली स्कोअर मोबाइलवर टाकतात, बोलरच्या फिगर्स आपोआप होतात. सोय आहे, तक्रार नाही. पण प्रत्येक पानाच्या तळाला 'स्कोअरर' या शब्दापुढे तुमची तिरकी सही असायची. ती कोणी वाचल्याचं मी कधी पाहिलं नाही. मीही तेव्हा वाचली नव्हती.

तुम्ही दिलेली त्या पानाची झेरॉक्स आता पिवळी पडून उडत चाललीय. एम अजून दिसतात, बॅट्समनच्या बाजूचा मजकूर गेलाय. रविवारी येतो. माळ्यावरच्या वह्या मी उतरवतो, तुम्ही स्टुलावर चढू नका. त्या दिवशीच्या माझ्या एकुलत्या विकेटचा कॅच स्लिपमध्ये कोणी घेतला ते मला आठवत नाहीये. त्याला कधी थँक्यू म्हटलंय की नाही, तेही नाही.

तुमचा,
निळ्या पेनवाला डावखुरा