पाच रंगांचं कात्रण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा माळा आवरताना जुन्या वहीत ती जाहिरात सापडली. आपण मासिकातून अलगद कापून ठेवलेली. वर्तुळात मांडलेले अॅपलचे पाच आयमॅक संगणक आणि एकच शब्द: 'यम्म'. हातातलं काम सोडून मी तिथंच बसून राहिलो.

आठवतं ना, त्याआधी संगणक म्हणजे मळकट बदामी खोका. 1998 च्या मे महिन्यात स्टीव्ह जॉब्जने पहिला आयमॅक दाखवला. निळा-हिरवा, सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यावरून नाव घेतलेला, 'बाँडाय ब्लू'. जाहिरातीत ठणकावून सांगितलेलं, माफ करा, बदामी मिळणार नाही! आणि 1999 च्या जानेवारीत हे पाच आले: ब्लूबेरी, ग्रेप, टँजरिन, लाइम, स्ट्रॉबेरी. तू ग्रेपवर अडून बसलास, मी टँजरिनवर. दोन दिवस आपण बोललो नव्हतो.

त्या पानावर ना वेगाचे मेगाहर्ट्झ, ना मेमरी. तुला कुठला आवडतो, एवढंच जणू विचारलेलं. अरे, संगणकाला हात लावायलाही माणसं बिचकायची त्या दिवसांत. त्यांना आवडीचा रंग विचारला की निम्मी भीती तिथंच गळून पडते. पाठीवरचं ते हँडलही त्यासाठीच. सतरा किलोंचं धूड कोण रोज उचलणार? पण त्याचा डिझायनर जॉनी आइव्ह, त्याचा विचार असा, की हँडल दिसलं की हात आपसूक पुढे होतो. मला ही गोष्ट आजही फार मोठी वाटते.

टीव्हीवरच्या जाहिरातीतली ती शर्यत आठव. एकीकडे सात वर्षांचा मुलगा आणि त्याचा कुत्रा, दुसरीकडे एमबीएचा विद्यार्थी. खोक्यातून संगणक काढून इंटरनेटला जोडायचा. आयमॅकवाल्या मुलाचं काम आठ-एक मिनिटांत फत्ते! दुसऱ्या जाहिरातीत अभिनेता जेफ गोल्डब्लम आयमॅक इंटरनेटला जोडायच्या पायऱ्या मोजतो: पहिली, दुसरी... आणि तिसरी नाहीच. आपण किती दिवस तसंच बोलत होतो.

2001 मधले फुलाफुलांचे आणि ठिपक्यांचे मात्र मला कधी भावले नाहीत. ती नक्षी वरून चढवल्यासारखी वाटते. टँजरिनचा रंग आतून झिरपायचा. अर्धपारदर्शक प्लास्टिकमागे यंत्राच्या सावल्या दिसायच्या, उजेड फिरला की रंगही हलायचा.

2021 मध्ये आयमॅक पुन्हा सात रंगांत आला. देखणा आहे, मान्य. पण त्या अॅल्युमिनियममधून आत डोकावता येत नाही, आणि डोकावण्यातच तर सगळी गंमत होती रे.

कात्रण सोबत पाठवतोय. घडी हळू उघड, ती बरोबर ग्रेपच्या मधून गेली आहे. आणि तुझं मत अजूनही तेच आहे का, ते पत्रातच कळव. फोनवर नको.

तुझाच,
टँजरिनवाला