सही झाली, आता सुटायचं कसं?

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

धाकट्यानं फराळाच्या पाकिटांच्या डिझाइनचं काम घेतलं, सही केली, ॲडव्हान्सही घेतला, आणि आता एका एजन्सीत पूर्णवेळ काम मिळतंय म्हणून त्याला त्यातून सुटायचंय. त्याचा करार काल रात्री नीट वाचला, सगळी पानं. फोनवर तिघं एकदम बोलत होतात, त्यामुळे धड काही सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र त्यालाही वाचायला द्या.

आई, आधी तुझी धास्ती. दारात पोलीस येणार नाहीत. ठरलेलं काम न करणं हा दिवाणी मामला आहे, फौजदारी नाही. इंग्रजांच्या काळात 1859 चा एक कायदा होता. आगाऊ पैसे घेऊन काम टाकणाऱ्या कारागिराला, मजुराला त्याखाली कैद व्हायची. तो 1925 साली रद्द झाला. आज फसवणुकीचा गुन्हा लागायचा, तर पैसे घेतानाच काम न करण्याचा इरादा होता हे दाखवावं लागतं. पण ॲडव्हान्स खिशात घालून फोन बंद करणारा माणूस हा संशय स्वतःच ओढवून घेतो. म्हणून त्या पैशाला त्यानं हात लावायचा नाही. नव्या लॅपटॉपचा विषय सध्या बंद.

बाबा, तुम्ही एका दमात दोन गोष्टी म्हणालात. शब्द दिला तो पाळायचा, आणि स्टँपपेपर नाही तर करार कसला! दुसरी गोष्ट सोडून द्या. ई-मेलवरून मान्य केलेला करारही 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे चालतो. स्टँप नसला तर कोर्टात पुरावा म्हणून दाखवण्याआधी शुल्क आणि दंड भरावा लागतो, एवढंच. करार त्यामुळे रद्द होत नाही.

आता खरी अडचण. अशा करारात पहिल्यांदा शोधायचं ते करार संपवण्याचं कलम. दोघांनाही नोटीस देऊन बाहेर पडता येत असेल, तर पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, झालेल्या कामाचं बिल लावायचं आणि निघायचं. त्याला करार मोडणं म्हणतच नाहीत. याच्या करारात मात्र ती मुभा फक्त कंपनीला आहे. तिनं पंधरा दिवस आधी कळवून काम थांबवायचं, यानं नाही. फ्रीलान्सरच्या करारात हे सर्रास असतं आणि सही करताना सगळ्यांचं लक्ष रकमेच्या आकड्यावर असतं. म्हणजे त्याला कंपनीच्या संमतीनंच सुटायला हवं. दोघं राजी असतील तर जुना करार बदलता येतो, त्याजागी नवा करता येतो किंवा उरलेलं काम माफ करता येतं. 1872 च्या करार कायद्यात 62 आणि 63 ही कलमं त्यासाठीच आहेत.

कंपनी अडून बसली तर किती पैसे जातील, हा हिशेब तुम्हाला वाटतो तेवढा भयंकर नाही. सहा पाकिटांच्या डिझाइनचे 1,60,000 ठरलेत. उद्या दुसऱ्या डिझाइनरनं तेच काम 1,90,000 ला केलं, तर फरकाचे 30,000 हे कंपनीचं सरळ नुकसान. त्यात नवा माणूस शोधण्यात झालेला वाजवी खर्च मिळवा. कंपनीनंही हातावर हात ठेवून बसायचं नसतं. नुकसान कमी करण्याचे वाजवी प्रयत्न तिनं केले का, हे कोर्ट पाहतं. करारात 50,000 चा दंड लिहिलाय खरा, पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती वरची मर्यादा. त्याच्या आत जेवढी भरपाई वाजवी ठरेल तेवढीच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1963 च्या फतेहचंद खटल्यात सांगून ठेवलंय.

पण या करारासोबतच्या ई-मेलमध्ये एक वाक्य आहे, 'चकली भाजणी आणि अनारसे पीठ दिवाळीआधी दुकानांत पोहोचलंच पाहिजे.' त्यानं खाली 'नक्की' असं उत्तर दिलंय. नुकसान होऊ शकतं हे करार करतानाच दोघांना ठाऊक असेल, तर ते भरपाईत धरता येतं. आणि पाकिटांच्या छपाईत उशीर कसा वाढत जातो बघा. ग्रॅव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरून घ्यावा लागतो. अंतिम फाइल मंजूर झाल्याशिवाय सिलिंडर कोरायला जात नाही, सिलिंडर नाही तर छापखान्याची ठरलेली पाळी दुसऱ्याला जाते, आणि सणाच्या तोंडावर पुढची पाळी कधी मिळेल याचा नेम नसतो. आठवड्याभराची दिरंगाई तिथे महिन्यावर जाते. म्हणून माझं मत असं, की ही दोन पाकिटं त्यानं पूर्ण करून द्यावीत आणि मेतकूट, लोणची वगैरे उरलेल्या चारांतून सुटका मागावी. बाबा, तुमचा शब्दही त्यात बराचसा पाळला जातो.

कोर्ट त्याला बसवून डिझाइन काढायला लावेल का? नाही. माणसाच्या अंगच्या कसबावर अवलंबून असलेलं काम सक्तीनं करून घेता येत नाही. पण दुसरीकडे काम करायला मनाई करता येते. योहाना वाग्नर या गायिकेनं लंडनच्या एका नाट्यगृहाशी करार केला, दुसऱ्यानं जास्त पैसे देऊ केल्यावर तिकडे निघाली. तू इथेच गा असा हुकूम 1852 साली न्यायालयानं दिला नाही, पण तिथे गायचं नाही असा दिला. आपल्याकडे कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला माणूस पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत गेला, तेव्हा मुदत संपेपर्यंत तसलंच काम दुसरीकडे करण्याची मनाई 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. दोन्हीकडे मुदतीत दुसरीकडे काम करणार नाही असं करारात लिहिलेलं होतं. धाकट्याच्या करारात तसं वाक्य कुठेही नाही, मी दोनदा पाहिलं. करार संपल्यानंतरही प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही अशी अट असती, तरी ती कलम 27 पुढे सहसा टिकत नाही.

आता त्यानं काय करायचं ते. आधी नव्या एजन्सीकडून सहीचं पत्र हातात घ्यायचं. रक्कम, मुदत, सुरुवातीची तारीख, आणि त्यांनीच काम रद्द केलं तर काय देणार, हे सगळं त्यात हवं. 'एक तारखेपासून ये' या व्हॉट्सॲपवर भरवसा ठेवून जुनं काम सोडलं, तर तेलही गेलं नि तूपही गेलं. मग कंपनीच्या मालकांना सोमवारी सकाळी फोन. शुक्रवारी संध्याकाळी नको. दोन दिवस माणूस धुमसत बसतो. फोन ठेवल्याबरोबर ई-मेल, साधारण असा:

'आपल्या सहा पाकिटांच्या करारातून मला चार पाकिटांपुरतं मोकळं करावं, ही विनंती. मला पूर्णवेळ काम मिळालं आहे आणि ही चार वेळेत देणं मला कठीण जाईल. भाजणी आणि अनारसे पिठाच्या अंतिम फाइली 20 तारखेपर्यंत देतो. उरलेल्या कामासाठी दोन डिझाइनरची नावं सोबत आहेत. ॲडव्हान्सचा हिशेब आपण म्हणाल तसा करू.'

माफीनामा नको आणि खोटं कारण तर मुळीच नको. आई, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं निमित्त काढायचं तू सुचवलंस ते प्रेमानं, पण महिन्याभरात त्याची नवी नोकरी लिंक्डइनवर सगळ्यांना दिसणार आहे. 'मी करार सोडत आहे' असंही लिहायचं नाही. तो सरळ नकार ठरतो, आणि कंपनीला त्याच दिवशी करार संपवून भरपाई मागता येते. विनंती केली तर बोलणं चालू राहतं. होकार आला तरी 'ठीक आहे' वर थांबू नये. कुठली चार पाकिटं रद्द, किती पैसे कोणाकडे, तयार डिझाइनचे हक्क कोणाचे आणि यापुढे परस्परांवर दावा नाही, एवढं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. नाहीतर दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, तोवर टांगती तलवार.

सोपवणीत लोक नेमकं चुकतात ते ओपन, म्हणजे पुढे बदल करता येतील अशा, फाइलींत. नुसती पीडीएफ दिली, तर पुढचा माणूस अक्षर न् अक्षर नव्यानं बसवतो आणि त्याचं बिल भांडणात येतं. इलस्ट्रेटरच्या मूळ फाइली, पाकिटाची डायलाइन (कापायच्या-दुमडायच्या रेषांचा आराखडा), वापरलेले फॉन्ट, पँटोनचे (छपाईतल्या प्रमाण रंगांचे) रंगक्रमांक, अन्न परवान्याचा एफएसएसएआय क्रमांक आणि हिरव्या ठिपक्याची जागा दाखवणारं लेबल, सगळं एका फोल्डरमध्ये आणि पोच घ्यायची.

पैशाचा एक गुंता राहतो. ॲडव्हान्स 40,000, पण 10 टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापून खात्यात आले 36,000. दोन पाकिटांचे 53,333 धरले, तर त्यानं परत करायचं काही नाही, उलट कंपनीकडून 13,333 येणं आहे, तेही टीडीएस कापून. माझा सल्ला, ती रक्कम सोडून द्यावी आणि त्या बदल्यात पूर्ण सुटका मागावी. मालक दोन पाकिटंही नको म्हणाले, तर 40,000 परत करायचे की 36,000, हे कापे सीएंना विचारल्याशिवाय ठरवू नका. टीडीएसचे 4,000 त्याच्या पॅनवर भरलेले आहेत, आणि ते त्यानं रिटर्नमध्ये मागायचे की कंपनीनं आपलं विवरण दुरुस्त करायचं, यावर आकडा बदलतो.

ई-मेल पाठवण्याआधी मसुदा मला पाठवायला सांगा. बाबा, तुम्ही मधे मालकांना फोन करू नका, ओळख असली तरी.

तुमची,
ताई