हुर्यो आम्हीच मागितली होती

संपादक महोदय,

सोसायटीच्या नाटकात प्रेक्षकांनी धुडगूस घातल्याची तक्रार करणारं पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात वाचलं. त्या नाटकातला सावकार मी. म्हणजे कागदाचे गोळे बसले मला, आणि लागलं पत्रलेखकांना!

नाटक मुद्दामच जुन्या वळणाचं होतं. गहाणखत फडकावणारा सावकार, विधवा आई, तिची सोशिक मुलगी आणि ऐन वेळी टपकणारा नायक. कोजागरीला, नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवर, साठ-सत्तर खुर्च्या. विंगेशी आठवीतला एक पोरगा पाट्या घेऊन उभा: ‘हुर्यो’, ‘अरेरे’, ‘वन्स मोअर’. प्रत्येक खुर्चीवर सावकाराला मारायला रद्दीचे दोन गोळे. आधी चुरमुरे उधळायचं ठरलं होतं, पण अन्न पायदळी नको असं नायिकेच्या आईने बजावलं, आणि गच्ची झाडणाऱ्या मावशींनी तर हातच जोडले.

पत्रलेखक म्हणतात, नटांना बोलूच दिलं नाही. अहो, आम्ही महिनाभर तालीम केली ती गप्प राहण्याचीच. पेटीवर सूर चढतो, तबल्यावर धाडकन थाप पडते, मी मिशीला पीळ देत लोकांकडे वळतो: ‘आज हे घर माझं, उद्या हे रत्न!’ आणि थांबतो. हुर्यो उठते, टिपेला जाते, उतरू लागते. ती पुरती विरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. घाई केली तर वाक्य गेलंच. उशीर झाला तर शांततेत नुसती मिशी पिळत बसायचं. पहिल्या अंकात दोनदा बसलो. शिवाय स्वतः हसायचं नाही. सावकाराला ते घर खरोखरच हवं असलं पाहिजे, तरच खाली बसलेल्यांना चेव येतो.

हे थेर परदेशी आहेत म्हणे. पाट्या आणि गोळे तिकडचे, कबूल. ‘द ड्रंकार्ड’ हे दारूविरोधी नाटक १८४४ साली बॉस्टनमध्ये अगदी गंभीरपणे झालं होतं. तेच १९३३ पासून लॉस एंजेलिसमध्ये लोकांनी खलनायकाची हुर्यो उडवत २६ वर्षं चालवलं. पण १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची जी परंपरा सुरू केली, तिच्यात राक्षस ‘अललडुर्र’ करत यायचे, तेव्हा लोक काय हाताची घडी घालून बसत असतील? आणि संगीत नाटकातला वन्स मोअर हा प्रेक्षकांचाच हक्क होता की! गडकरी रंगायतनच्या गावात हे मला सांगावं लागतंय, याची मात्र गंमत वाटते.

दोन गोष्टी पत्रलेखकांच्या खऱ्या आहेत. मुलगी घर सोडते त्या प्रसंगात कुणाचा तरी मोबाइल तीनदा वाजला, त्याची पाटी आमच्याकडे नव्हती. आणि एका गोळ्यात अख्खी सुपारी निघाली. कपाळावर अजून टेंगूळ आहे. पुढच्या वेळी गोळे आम्हीच दारात वाटू, आणि वाटण्याआधी दाबून बघू.

पण पुढच्या रांगेतल्या एक आजी पाटीची वाट न बघता उभ्या राहिल्या आणि ‘मेल्या, सोड तिचा हात!’ म्हणून कडाडल्या. मी खरोखर हात सोडला. नायकाची एंट्री व्हायची होती, तो विंगेत तसाच उभा. याला धुडगूस म्हणायचं असेल तर म्हणा, पस्तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली, असं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याला भाजी घेताना त्याच आजी भेटल्या. ‘दिलंस का घर परत?’ म्हणाल्या.

मार्गशीर्षात पुन्हा प्रयोग आहे. पत्रलेखकांसाठी दुसऱ्या रांगेत, माझ्या नेमकी समोरची खुर्ची राखून ठेवतो. गोळे चार देऊ. आपल्या रविवारच्या पुरवणीचे चांगले घट्ट वळले जातात.

आपला,
एक सावकार (वय ६४), नौपाडा, ठाणे (प.)