मागच्या पन्हळीच्या पाइपाविषयी

पुणे, 12 एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गणपतीत आले होते तेव्हा माजघराची मागची भिंत कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओली लागत होती आणि आईने तांदळाचे डबे पुढे ओढून ठेवले होते. आपण सर्वांनी तेव्हा दोष कौलांना दिला. मात्र ओल वरून उतरलेली नव्हती, जोत्याकडून वर चढलेली होती. मागच्या बाजूचा पन्हळीचा पाइप खालच्या वळणाशी फुटलेला आहे, त्यामुळे अर्ध्या छपराचे पाणी पावसाळाभर एकाच जागी जोत्यात मुरत राहिले आणि जांभ्याने ते शोषून घेतले. आजोबांच्या वेळची पोफळीची पन्हळ टोकाशी मोकळी सुटायची आणि पाणी भिंतीपासून चार हात लांब पडायचे. म्हणजे फुटका पाइप हा पाइपच नसण्यापेक्षा वाईट, असे म्हणावे लागते.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की तेवढे वळण बदलले की झाले, 75 मिलिमीटरचा पाइप अजून चांगला आहे. मी हिशेब करून पाहिला. मागचे छप्पर 12 मीटर लांब आणि जमिनीवर मोजले तर 5 मीटर रुंद, म्हणजे 60 चौरस मीटर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली, आणि गुहागरात तशी कोसळतेच, तर मिनिटाला 100 लिटर पाणी पन्हळीत येते. आपले 200 लिटरचे पिंप दोन मिनिटांत भरावे इतके. राष्ट्रीय इमारत संहितेच्या तक्त्याप्रमाणे अशा सरीत 75 मिलिमीटरचा पाइप सुमारे 20 चौरस मीटरचे पाणी वाहून नेतो आणि 100 मिलिमीटरचा सुमारे 42 चौरस मीटरचे. म्हणून एक मोठा पाइपही पुरणार नाही. दोन्ही टोकांना एकेक 110 मिलिमीटरचा पाइप हवा आणि पन्हळ मधोमध उंच ठेवून दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटर उतार द्यायला हवा. हा उतार नजरेने ठरवू देऊ नका, मिस्त्रीला पाणसळ लावायला सांगा.

दुकानात 'ए' आणि 'बी' अशा दोन प्रकारचे पाइप दाखवतील. पावसाच्या पाण्याला पातळ भिंतीचा 'ए' प्रकार चालतो, पण वानरांची उडी आपल्याकडे पावसाइतकीच ठरलेली असल्यामुळे मी जाड 'बी' घ्यावा असे म्हणेन. जोड रिंगफिट, म्हणजे आत रबराची रिंग बसवलेले, घ्यावेत. पाइप उन्हाने लांबतो, म्हणून तो पूर्ण आत सारून मग साधारण एक सेंटिमीटर मागे ओढून ठेवायचा असतो. चिकटवलेल्या जोडाला ही मोकळीक मिळत नाही. रिंगेला साबणाचे पाणी लावावे. हाताशी आहे म्हणून कोणी खोबरेल लावू लागला तर आई, तू त्याला थांबव, कारण तेलाने रबर फुगते. पाइपाचे रुंद तोंड नेहमी वरच्या बाजूला असावे. वळचणीखालून भिंतीकडे येताना एक काटकोनी वळण न देता 45 अंशांची दोन वळणे द्यावीत, म्हणजे पाला अडकत नाही. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचेच हवेत, कारण खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी क्लॅम्प गंजतात. ते मीटर-सव्वा मीटरवर बसवून पाइप भिंतीपासून दोन बोटे सुटा ठेवावा, नाहीतर मागची भिंत वाळणार नाही. शेवटी पाइपाला रंग द्यावा, कारण उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होते.

सर्वांत महत्त्वाचे काम तळाशी आहे. खालच्या वळणाला उघडता येणारे झाकण असावे आणि तिथून पाणी निदान दोन मीटर लांब, फरशी लावलेल्या चरातून, पऱ्ह्याकडे सोडावे. मिस्त्री चर टाळू पाहील, पण पैसे कमी पडले तर रंग पुढच्या वर्षी द्या आणि चर यंदाच करा.

देखभाल फारशी नाही. पन्हळीच्या तोंडाशी बोटभर भोकांची स्टीलची जाळी बसवावी. बारीक जाळी आंब्याच्या मोहोराने दोन दिवसांत बुजते, आणि बाबा, नारळाचे सोडण तिथे कोंबण्याचा तुमचा उपाय तर मुळीच नको. गेल्या वर्षी त्यातूनच गवत उगवले होते. मृगाच्या आधी एकदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि गणपतीनंतर एकदा पन्हळ साफ करून घ्यावी. एरवी भर पावसात पडवीत बसूनच पाहावे. पन्हळ भरून वाहत असेल आणि पाइपाच्या पायाशी पाणी थोडेच पडत असेल तर पाला अडकला आहे असे समजावे. पाइप पूर्ण भरून वाहत असूनही पन्हळ ओसंडत असेल तर माझा हिशेब चुकला असे समजावे आणि मला कळवावे.

शिडीवर मात्र तुम्ही चढू नये. माडावर चढणाऱ्या गड्याला नारळ उतरवायला बोलावाल त्याच दिवशी हे काम त्याच्याकडून करून घ्यावे. आई, या बाबतीत माझा भरवसा तुझ्यावर आहे.

क्लॅम्प आणि रिंगा मी इथूनच घेऊन मेच्या दुसऱ्या शनिवारी येते. पाइप तिकडेच घ्यावेत, एसटीत ते मावणार नाहीत. मिस्त्रीला त्याच्या आदल्या दिवशी बोलावून पन्हळीचा उतार करून घ्यावा आणि फुटके वळण फेकून न देता ठेवावे, मला ते पाहायचे आहे.

आपली,
थोरली