डिचोलीच्या बेसवाल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून द्यायचं सोडून सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्यासमोर बसून आभाराचा शब्द काढला की तुम्ही "आदीं च्या घे" (आधी चहा घे) म्हणून विषय बदलता. दुसरं कारण असं की, गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडची नवी पोरं हल्ली मला बेस गिटारबद्दल विचारतात. मी त्यांना जे सांगतो त्यातलं बहुतेक तुमचं आहे. ते तुमच्या नावावर कुठेतरी मांडून ठेवायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वीची मार्गशीर्षातली ती जत्रा. कापणी झालेल्या शेतात पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केलेलं. आधी दोन अभंग, मग नाट्यगीतं आणि शेवटी हिंदी गाणी, असा आमचा बेत. मी नुकताच पंधरा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प घेतला होता. तो थेट फळ्यांवर ठेवला आणि खालच्या, जाड आवाजाचा बेसचा नॉब पूर्ण उघडला. पहिल्याच गाण्यात काही सूर असे घुमले की हार्मोनियमवाला दचकला, आणि काही सूर कुठे गेले ते कळेना. तबल्याचा डग्गा तर त्या गोंगाटात बुडालाच. साउंडवाल्याने माझा चॅनल खाली ओढला. पुढची चार गाणी मी वाजवत होतो आणि समोर काहीच जात नव्हतं. त्या वेळचा अपमान अजून आठवतो.

मध्यंतरात तुम्ही स्टेजवर चढलात. मी तुम्हाला ओळखत नव्हतो. हातातली खाज्याची पुडी तुम्ही अ‍ॅम्पपासून दोन हात दूर फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "ए वाजव." मी ए हा सूर वाजवला, तशी पुडीचा कागद थरथरून वाजायला लागला. "बघ, फळ्या वाजताहेत. तू कुठे वाजतोयस?" मग सोड्याच्या गाड्यावरचा रिकामा क्रेट आणून उपडा घातला, अ‍ॅम्प त्यावर चढवला आणि खाली लाकडाचा तुकडा सारून स्पीकरचं तोंड माझ्या कानाकडे केलंत. बेसचा नॉब मध्याच्याही थोडा खाली आणला, मिड म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज वर नेला. परत ए वाजवला. पुडी गप्प होती.

मला तो आवाज पातळ वाटला, आणि तसं मी बोललोही. तुम्ही मला हाताला धरून खाली उतरवलंत, माझा बेस आमच्या गिटारवाल्याकडे दिलात आणि शेवटच्या खुर्च्यांपर्यंत चालवत नेलंत. तिथे प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. "पयलीं आयक, मागीर वाजय," (आधी ऐक, मग वाजव) एवढंच म्हणालात.

नंतर तुमच्या ओसरीवर त्यामागचं कारण कळलं. बेसची सगळ्यात जाड ई तार मोकळी सोडली की मूळ कंपनं सेकंदाला 41. जत्रेतल्या भोंगेवजा स्पीकरमधून ती धड बाहेरच पडत नाहीत. माणसाचा कान सूर ओळखतो तो त्याच्या दुपटी-तिपटीच्या 82, 123 आणि त्याहून वरच्या स्वरांशांवरून आणि बोटाच्या आघातावरून. त्यातले वरचे स्वरांश आणि आघात मिडमध्ये असतात. मी मिड कापून खालचं फुगवत होतो, म्हणजे ओळख पुसून नुसता धक्का पाठवत होतो. म्हणून साउंडवाल्याला चाळीसच्या खालचं सगळं कापायला तुम्ही आजही सांगता. त्यात गाणं नसतं. फळ्यांचा आवाज आणि तार चुकून चापटली गेल्याचे धक्के असतात.

पण ओसरीवरची सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही घुमटावरून (मातीचं, मागून उघडं वाद्य) शिकवलीत. मी चवथीला आरत्यांत घुमट वाजवत मोठा झालोय हे कळल्यावर तुम्ही आतून घुमट घेऊन आलात आणि म्हणालात, "मागचं तोंड डाव्या हाताने कधी झाकायचं, कधी सोडायचं, हे तुला कोणी लिहून दिलं होतं?" मग बेस हातात दिलात. वाजवलेला सूर कधी थांबवायचा, नको त्या तारा डाव्या हाताने कशा दाबून गप्प ठेवायच्या, ही तीच विद्या आहे. ते करायला लागल्यापासून माझा आवाज जितका स्वच्छ झाला, तितका कुठल्याही पेडलने झाला नसता.

त्याच महिन्यात मी आठ स्पीकरचं मोठं कॅबिनेट घ्यायला निघालो होतो. दुकानदाराने ते माझ्या गळ्यात जवळजवळ मारलंच होतं. तुम्ही अडवलंत, पण रागावून नव्हे, हिशेब मांडून. अ‍ॅम्पेगचा 300 वॅटचा एसव्हीटी हा अ‍ॅम्प आणि त्याचं आठ स्पीकरचं कपाट 1969 साली आलं, तेव्हा मोठ्या मैदानांतही पीएमधून (लोकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांतून) मुख्यतः गायकांचा आवाजच जायचा. बेसला स्वतःच्या बळावर मैदान भरावं लागे. आज आमचा बेस मिक्सरमधून जातो. स्टेजवरचा अ‍ॅम्प लागतो तो मला आणि ड्रमवाल्याला ऐकण्यापुरता. 500 वॅटचे 1000 केले तरी फरक तीन डेसिबलचा, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट हवेत. शिवाय ते धूड पेडण्याहून फोंड्यापर्यंत आमच्या ओम्नीत जाणार कसं? त्या पैशांत मी बाराइंची स्पीकरचं एक हलकं कॅबिनेट आणि तीन किलोचं हेड (बिनस्पीकरचा अ‍ॅम्प) घेतलं. आठ-आठ ओहमची (ओहम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप) दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार चार ओहम होतो, आणि हेड किमान किती ओहम सोसतं ते मागच्या बाजूला वाचल्याशिवाय दुसरं जोडायचं नाही, हे तुम्ही बजावलंत. स्पीकरला गिटारची केबल लावू नकोस, हेही.

आणि अर्थिंग. काका, याबद्दल तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. तुम्ही आयुष्यभर वायरमनचं काम केलंत म्हणून तुमच्या बेसच्या बॅगेत ट्यूनरच्या आधी टेस्ट लॅम्प असतो. एका हॉलमध्ये अ‍ॅम्पमधून सारखी हम (घूं असा आवाज) येत होती. तिथल्या माणसाने सोपा उपाय सांगितला: प्लगची तिसरी पिन काढून टाका, हम जाते. मी पक्कड हातात घेतलीही होती. तुम्ही आलात, बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला लावलीत. बल्ब जेमतेम लालसर झाला, म्हणजे बोर्डाला धड अर्थिंगच नव्हतं. अशा ठिकाणी अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर तारांना करंट येतो, आणि हात तारांवर असताना ओठ माइकला टेकले की तो अंगातून जातो. तुम्ही आम्हाला वाजवू दिलं नाहीत. दुसऱ्या बोर्डावरून अर्थिंग असलेली लाइन ओढून घेतलीत, मगच कार्यक्रम सुरू झाला. अर्धा तास उशीर झाला म्हणून लोक कुरकुरले, ते तुम्ही एकट्याने ऐकून घेतलंत. हम राहिली होती ती डीआय बॉक्सवरचा (बेस मिक्सरला जोडायचा छोटा डबा) ग्राउंड लिफ्टचा खटका दाबल्यावर गेली. तो खटका फक्त सिग्नलच्या केबलची जमीन तोडतो, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. हा फरक मी आता प्रत्येक पोराला आधी सांगतो, सूर-ताल नंतर.

तो डीआय बॉक्स तुमचाच होता. माझ्या बेसमध्ये आवाज आधीच वाढवणारा, बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प आहे, त्याला हा ट्रान्सफॉर्मरवाला साधा बॉक्स चालतो. बिनबॅटरीच्या बेसला मात्र फँटमवर (मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या विजेवर) चालणारा अ‍ॅक्टिव्ह घे, नाहीतर वरचा आवाज मरतो, असं सांगून तुम्ही तो माझ्या बॅगेत टाकलात. वाजवून झालं की जॅक उपसून ठेवायचा, नाहीतर नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर जळत राहते, हेही तेव्हाच. मी एकदा विसरलो. फोंड्याच्या लग्नात दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटला, तेव्हापासून खिशात एक बॅटरी जास्त असते.

लहान लहान गोष्टी किती सांगू? पावसाळ्यात बेसची नेक (लाकडी मान) फुगते, म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीनंतर तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरची धातूची पट्टी) दाबून तार आणि मधल्या फ्रेटमधली फट पाहायची. ती पोस्टकार्डाच्या जाडीएवढी हवी, आणि नेकमधली सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायची नाही. हरमलच्या समुद्राकाठी वाजवून आलो की त्याच रात्री तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. नाट्यगीतांसाठी फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा लावून बघ म्हणालात, आणि त्या तबल्याच्या डग्ग्याशी इतक्या जुळल्या की दोन वर्षं मी बदललेल्या नाहीत. रात्री दहानंतर उघड्यावर वाजवता येत नाही, पण त्याआधीही शेजारच्या वाड्यात फक्त आपला बेस आणि ड्रमचा किकच पोचतो, तिथे कोणाचं पोर झोपलेलं असतं, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

या मार्गशीर्षात त्याच जत्रेत आम्ही पुन्हा वाजवतोय. साउंडवाला तोच आहे. यंदा फोनवर त्याने स्वतःहून विचारलं, बेसचा चॅनल किती नंबरला ठेवू म्हणून. तुम्ही पुढच्या रांगेत बसू नका, मागच्या खुर्च्यांपाशी उभे राहा आणि काही बिघडलं तर हात वर करा. मी बघत असेन.

मी आता माझा डीआय बॉक्स घेतलाय. तुमचा रविवारी सकाळी घेऊन येतो. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर तुम्ही पेनने 'परत दी' लिहिलं होतं, ते घामाने पुसट झालं होतं. मी त्यावरून पेन फिरवून अक्षरं ठळक केली आहेत. पुढे कोणाला द्याल तेव्हा लागतील.

तुमचा,
पेडण्याचा बेसवाला