कडब्याचा भाव किलोत छापा

प्रति,
मा. संपादक,

विषय : चाऱ्याचे बाजारभाव वजनावर देण्याबाबत

महोदय,

आपल्या बाजारभावाच्या पानावर तूर, सोयाबीन, कांदा सगळं क्विंटलमध्ये असतं. कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं, मात्र आजही शेकड्यात. शंभर पेंढ्यांना इतके रुपये, एवढंच. पेंढी केवढी, हे कुणी सांगत नाही. मजुरी वाढली तशी पेंढी बारीक होत गेली, हे बाजारात उभा राहणारा प्रत्येक जण जाणतो, पण भावाच्या आकड्यात ते दिसत नाही.

फरक किती पडतो ते उदाहरणापुरते भाव धरून सांगतो. कडबा शेकडा २,५०० रुपये आहे आणि पेंढी दोन किलोची आहे असं समजा. म्हणजे किलोला साडेबारा रुपये झाले. चांगल्या वाळलेल्या कडब्यात ओलावा साधारण दहा टक्के असतो. तो वजा केला की जनावराच्या पोटात जाणारा कोरडा चारा चौदा रुपये किलोने पडला. शेजारी उसाचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चार रुपये किलोने मिळतात. ते स्वस्त वाटतात आणि माणूस ट्रॉली भरून आणतो. पण वाढ्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी. कोरड्या हिशेबाने ते सोळा रुपयांना गेले. आता तीच पेंढी दीड किलोची निघाली तर कडबा साडेअठरावर जातो आणि वाढे परवडू लागतात. पेंढीच्या अर्ध्या किलोने सगळा निर्णय उलटा होतो, आणि नेमकं तेवढंच आम्हाला छापून मिळत नाही.

चारशे किलोच्या जनावराला दिवसाला आठ ते दहा किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी सोडून उरणारा चारा, लागतो. दुभत्याला त्याहून जास्त. त्यातला हिरवा किती, वाळलेला किती, हे ज्याच्या त्याच्या सोयीने ठरतं. पण नुसत्या वाढ्यावर दहा किलो भरायचे तर पस्तीस-चाळीस किलो वाढे घालावे लागतील. शिवाय वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतं. म्हणून जुनी माणसं वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांच्या दावणीला महिनोन्‌महिने ऊस आणि वाढेच होते. जनावरं जगली, हे खरं. पण छावणीतून परत आलेल्या गाईच्या बरगड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

कडबा म्हणजे अमृत, असंही माझं म्हणणं नाही. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला यात त्याहून बरी असतात आणि अनेक गावांत हे सगळं सुगीनंतर बांधावर पेटवून दिलं जातं. वाळलेली वैरण निकस असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, मग तो चारा दाबून ताडपत्रीखाली तीन आठवडे हवाबंद ठेवायचा. प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. शेतकऱ्यांना हे अनेक वर्षांपासून शिकवलं जातंय, पण करणारे मोजकेच. एक मात्र नक्की पाळावं : सहा महिन्यांखालच्या वासराला हे घालू नये, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागेल असं उघडं ठेवू नये.

हल्ली मुरघासाची, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची, लाट आहे. मका चिकात, म्हणजे दाणा दुधाळ असताना कापून केलेला मुरघास चांगलाच. त्यात कणसाचे दाणे असतात, दुभत्या गाईची पेंड त्याने थोडी वाचते. पण मूठ आवळल्यावर पाणी गळणारा मुरघास सात रुपये किलोने घेणं म्हणजे पाण्याला पैसे मोजणं. संशय आला की एक किलो चारा बारीक करून, पातळ पसरून, कुरकुरीत होईपर्यंत उन्हात वाळवावा आणि पुन्हा तोलावा. काटा प्रत्येकाच्या घरात असतो.

आणखी एक गोष्ट. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलायला हे पत्र नाही. पण कामाला न येणारा बैल आणि भाकड गाय आता गोठ्यातच राहते, तिचा बाजार मोडला, आणि तिचा चारा मात्र मालकालाच भरावा लागतो. अशा जनावराला मुरघास आणि सरकी पेंड घालणं परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. कुट्टी केलेला कडबा, भुसकट, थोडं हिरवं आणि मीठ-खनिज मिश्रण यावर ते नीट राहतं. सगळ्या दावणीला एकच पाटी टाकायची सवय फार महाग पडते. काहीजण मग पैसे वाचवायला पावसाअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी फुकटात मिळते म्हणून कापून आणतात. अशा ज्वारीतल्या विषाने किराळ लागली, म्हणजे विषबाधा झाली, की तासाभरात जनावर जाऊ शकतं, तेव्हा या बचतीच्या वाटेला जाऊच नये.

वजनावर विक्री सुरू झाली की त्यातही लबाडी होईल, हे मला ठाऊक आहे. उपटलेल्या ज्वारीच्या मुळांना माती असते. शेकड्यात ती फुकट येते, किलोत ती विकत घ्यावी लागेल. पावसात भिजलेला कडबाही जड भरेल. पण माती झटकून बघता येते, ओल हाताला लागते. पेंढीचा आकार मात्र व्यापारी म्हणेल तोच मानावा लागतो.

अनेक बाजार समित्यांकडे भुईकाटे, म्हणजे अख्खी गाडी तोलणारे काटे, आहेत. कडब्याची गाडी भरलेली आणि रिकामी तोलली तर सरासरी पेंढी किती किलोची हे लगेच निघेल. ते होईल तेव्हा होईल. आपण तोवर एवढं करू शकता : शेकड्याच्या भावापुढे त्या दिवशीच्या पेंढीचं सरासरी वजन आपल्या बातमीदाराकडून मागवा आणि छापा. शक्य झालं तर वाढे, हिरवी मका आणि मुरघासाचा भावही त्याच चौकटीत किलोवर द्या. सुरुवात फेब्रुवारीत करावी ही विनंती, कारण रब्बी ज्वारी तेव्हा निघते आणि वर्षाची वैरण भरणारे त्याच सुमारास भरतात. मे महिन्यात छापलेला भाव फक्त अडलेल्यांच्या कामाचा.

आपला,
एक वाचक शेतकरी
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर