जपानी यंत्र, आपली वीज

संपादक महोदय,

जपानहून आणलेला १०० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर थेट आपल्या २३० व्होल्टला लावला, की फ्यूज उडतो; बरेचदा आतला पॉवर सप्लायही जळतो. आधी मागची पट्टी वाचा. '१००-२४०' असेल तर फक्त पिन बदला. नुसते '१००' असेल तर दोन स्वतंत्र वाइंडिंगचा (तारेच्या वेटोळ्यांचा) २३०/१०० ट्रान्सफॉर्मर घ्या, ३०० वॅटच्या यंत्राला ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा. दुकानात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. तो जपानी यंत्राला जास्तच पडतो. प्रवासी कन्व्हर्टर तर नकोच, तो वीजलहर कापून देतो. लाइन २५३ वर चढली तर १०० चे ११० होतात, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर हवा. फ्रिक्वेन्सी मात्र ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही: ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर (विजेच्या फ्रिक्वेन्सीवर जिचा वेग ठरतो ती) आपल्या ५० वर एक षष्ठांश मंद फिरते.

— एक वाचक, पुणे